धुतल्या भांड्यातली वस्ती

उन्हाळ्याच्या सुट्टीत छताचा पंखा पुसण्याचे काम बहुधा तुमच्याच वाट्याला येत असेल. स्टुलावर चढून पात्यावरून बोट फिरवले की काळपट धुळीचा जाड थर बोटाला लागतो. आता जरा विचार करा. हा पंखा पूर्ण वेगाने फिरत असताना त्याच्या पात्याचे टोक सेकंदाला सुमारे २० मीटर या वेगाने हवा कापत असते. एवढ्या वाऱ्यात धूळ उडून जायला हवी होती. ती उडाली तर नाहीच, उलट नव्याने येऊन बसली. हे कसे?

हा प्रश्न मी दरवर्षी अकरावीच्या वर्गात विचारतो. "धूळ तेलकट असते", "विजेमुळे चिकटते" अशी उत्तरे येतात. त्यांत थोडे तथ्य आहेही. पण मुख्य कारण वेगळे आहे. हवा असो वा पाणी, वाहणाऱ्या द्रायूचा जो अगदी शेवटचा पदर घन पृष्ठभागाला टेकलेला असतो, तो पृष्ठभागावरून घसरत नाही. पात्याला टेकलेली हवा पात्याबरोबरच फिरते. तिच्या वरचा पदर किंचित मागे पडतो, त्याच्या वरचा आणखी थोडा, आणि अशा रीतीने काही अंतरावर गेल्यावरच खरा वारा लागतो. या पदरांच्या गठ्ठ्याला सीमास्तर म्हणतात. धुळीचा कण इतका लहान असतो की, तो या सीमास्तराच्या तळाशी, जवळजवळ निवांत हवेत बसलेला असतो. वादळ त्याच्या डोक्यावरून निघून जाते.

काही वर्षांपूर्वी हे शिकवून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी तास संपताच माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, आमच्या दुधाच्या कॅनचंही असंच असेल का?"

त्याच्या घरी दोन म्हशी आणि एक गाय. पहाटे ५ वाजता धार निघायची, १० च्या सुमारास वाडीवर टेम्पो यायचा आणि दूध शीतकरण केंद्रावर पोहोचेपर्यंत दुपारचे १२ वाजायचे. तेथे प्रत्येक कॅनमधले थोडे दूध परीक्षानळीत घेऊन उकळून पाहतात. फाटले की कॅन परत. त्या चैत्र-वैशाखात त्यांचा कॅन आठवड्यातून दोन-तीनदा परत येत होता. केंद्रावरचा माणूस चारचौघांत म्हणाला होता, "घरी भांडी धुवायला शिकवा." मुलाला पैशांपेक्षा तेच जास्त लागले होते. "सर, आई रोज वाळूने घासते आणि वर उकळतं पाणी ओतते. एवढं केल्यावर काय जिवंत राहणार?"

मी भौतिकशास्त्राचा माणूस. जीवाणूंशी माझा फारसा परिचय नव्हता. पण प्रश्न रास्त होता. आपण आधी जरा मागे जाऊ.

जीवाणू म्हटले की, आपल्या डोळ्यांसमोर पाण्यात एकटाच वळवळणारा जीव येतो. पुस्तकातली चित्रेही तशीच असतात. प्रत्यक्षात निसर्गातले बरेचसे जीवाणू पोहत नसतात, ते कशाला तरी चिकटून वस्ती करून राहतात. ओढ्यातल्या दगडावर पाय घसरतो, फुलदाणीतल्या देठाला बुळबुळीत साका धरतो, माठ चार दिवस घासला नाही तर आतून हाताला गुळगुळीत लागतो. ही सारी त्यांचीच वसाहत. (ओढ्यातल्या दगडावर शेवाळही त्यांच्या सोबतीला असते.) सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की जो बुळबुळीत थर जाणवतो, तोही हाच. या थराला इंग्रजीत बायोफिल्म म्हणतात. आपण जीवपटल म्हणू.

जीवपटलाशी माणसाची पहिली झटापट फार जुनी आहे. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेव्हेनहूक याने स्वतः घासलेल्या भिंगातून १६८३ साली आपल्याच दातांवरचा किटण पाहिला आणि त्यात वळवळणारे असंख्य जीव त्याला दिसले. मग त्याने व्हिनेगरने, म्हणजे शिरक्याने, चूळ भरून पाहिले. काचेवर काढून घेतलेल्या किटणात शिरका मिसळला की जीव मरत. पण दातांवर असताना मात्र शिरका फक्त वरच्या वरचे जीव मारी, आत पोहोचत नसे. हे निरीक्षण त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. पुढली जवळजवळ अडीचशे वर्षे या वाक्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. याचे एक कारण प्रयोगशाळेची पद्धतच होय. जीवाणू तपासायचे तर ते पोषक द्रवात वाढवायचे, ढवळायचे आणि त्यातला थेंब घ्यायचा. काचेच्या भिंतीला चिकटलेले तसेच राहायचे आणि चंबूबरोबर धुतले जायचे!

१९३० नंतर चित्र बदलू लागले. अमेरिकेत हेन्रिसी याने पाण्यात काचपट्ट्या बुडवून ठेवल्या आणि त्यांच्यावर जीवाणू कसे वसतात ते पाहिले. झोबेल याने १९४३ साली दाखवून दिले की, समुद्राच्या पाण्यात अन्न अत्यंत विरळ असते, पण ते भांड्याच्या पृष्ठभागावर गोळा होते आणि म्हणून जीवाणूही तेथेच भरभराटतात. पुढे १९७८ साली कॅनडातील कॉस्टरटन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जीवाणू कसे चिकटतात यावर एक लेख लिहिला आणि तेव्हापासून या विषयाची स्वतंत्र शाखाच झाली.

ही वस्ती उभी कशी राहते? दुधाचेच उदाहरण घेऊ. कॅनमध्ये दूध ओतताच काही क्षणांत दुधातली प्रथिने धातूच्या पृष्ठभागावर एक अतिशय पातळ अस्तर धरतात. म्हणजे जीवाणूची गाठ पडते ती धातूशी नव्हे, या अस्तराशी. तेथे तो प्रथम नुसता टेकतो. या वेळी त्याला सुटून जाता येते. साध्या धुण्यानेही तो निघतो. पण थोड्याच वेळात तो स्वतःभोवती एक चिकट द्रव्य पाझरू लागतो. त्यात लांब साखळ्यांच्या शर्करा असतात, प्रथिने असतात, मेलेल्या भाईबंदांमधून सांडलेले डी.एन.ए.सुद्धा असते, आणि वजनाने पाहिले तर बहुतांश नुसते पाणीच असते. डिंकाची खळ डोळ्यांसमोर आणा. या खळीत जीवाणू विभागत जातात, दुसऱ्या जातीचे येऊन मिळतात, मधून पाण्याचे बारीक पाट राहतात. थर पिकला की त्याचे तुकडे सुटतात आणि पुढे वाहत जाऊन दुसरीकडे वस्ती करतात.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. एवढे उकळते पाणी ओतल्यावर काय राहणार?

एका रविवारी आम्ही त्याच्या घरी गेलो आणि पहिल्यांदा साधे गणित केले. कॅन ४० लिटरचा, ॲल्युमिनियमचा. रिकाम्याचे वजन केले, ते ७ किलोग्रॅम भरले. ॲल्युमिनियमचा विशिष्ट उष्मा सुमारे ०.२१५. माउली त्यात २ लिटर पाणी ओतीत असे. चुलीवरून उतरवून ओतेपर्यंत ते ९५ अंश सेल्सियस धरू. कॅन ३० अंशांवर. मिश्रणाची रीत तुम्हांला ठाऊक आहे:

२ × (९५ − त) = ७ × ०.२१५ × (त − ३०)

हे सोडवले की त येते सुमारे ६७ अंश. म्हणजे ज्याला आपण उकळते पाणी म्हणतो, ते कॅनला लागताक्षणी उकळते राहतच नाही. हवेत जाणारी उष्णता धरली तर तापमान आणखी उतरते. दुधाचे पाश्चरीकरण करताना ६३ अंशांना पूर्ण ३० मिनिटे किंवा ७२ अंशांना १५ सेकंद ठेवतात, तेही सुट्या, पोहणाऱ्या जीवाणूंसाठी. येथे पाणी खळबळून अर्ध्या मिनिटात ओतून दिले जात होते. आणि झाकणाच्या रबरी कड्याला ते लागतही नव्हते.

ते कडे मी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून काढले. खालच्या खाचेत बोट घातले तर बुळबुळीत, आणि वास आंबूस. कॅनच्या आत उजेड पाडून पाहिले तर वाळूने घासून घासून सगळीकडे ओरखडे. त्या माउलीने मन लावून घासले होते, यात शंका नव्हती. पण प्रत्येक घासण्याबरोबर नव्या बिळांची सोय होत होती. जीवाणू साधारण १ मायक्रोमीटर लांबीचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्याला केसासारखा दिसणारा ओरखडा त्याच्या दृष्टीने दरी आहे. दूधप्रक्रियेच्या यंत्रांसाठी जे अगंज पोलाद वापरतात त्याचा खडबडीतपणा सरासरी ०.८ मायक्रोमीटरपेक्षा जास्त नसावा असा दंडक आहे, तो याच हिशेबाने. गंमत म्हणजे त्याहून कितीही आरसा केला तरी फारसा लाभ होत नाही; गुळगुळीत काचेवरही जीवाणू चिकटतातच. ओरखड्याचा तोटा एवढाच की, तेथे ब्रशचा केस पोहोचत नाही.

आणखी एक चूक होती आणि ती जवळजवळ सगळ्या घरांत होते. दूध काढून घेतल्यावर भांड्यात पहिल्यांदाच कडक पाणी ओतणे! अंडे तापवल्यावर पांढरे घट्ट होते तसे दुधातले काही प्रथिन उष्णतेने साकळते आणि भांड्याला भाजून बसते. म्हणून पहिले खळबळणे गार किंवा कोमट पाण्याचे हवे, कडक पाणी नंतर.

थोडे गणित पुढे नेऊ. समजा खाचेत आणि ओरखड्यांत मिळून ५० चौरस सेंटिमीटर जीवपटल आहे आणि दर चौरस सेंटिमीटरला १ कोटी जीवाणू आहेत. त्यांतले दशांश दुधात सुटले तर ५ कोटी झाले. ४० लिटर म्हणजे ४०,००० मिलिलिटर दुधात वाटले तर मिलिलिटरला १,२५० पडतात. ही संख्या काहीच नव्हे. पण उन्हाळ्याच्या उष्म्यात ते अर्ध्या तासाला दुप्पट होतात असे धरा. ५ तासांत १० वेळा दुप्पट, म्हणजे १,०२४ पट. जवळजवळ १३ लाख. पुढच्या २ तासांत आणखी १६ पट. २ कोटींच्या वर. दूध उकळताना फाटावे एवढे आम्ल तयार व्हायला साधारण एवढीच वस्ती लागते. पहाटे ५ ते दुपारी १२ हे ७ तास होतात, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल.

रोज एकच कॅन असता तर ही गोष्ट येथेच संपली असती. पण मोठ्या दूधशाळेत किलोमीटरच्या किलोमीटर नळ्या असतात. त्या उघडून घासायच्या कशा? तेथे यंत्र न सोडता जागच्या जागी धुण्याची पद्धत आहे. टाकीतून पंपाने धावन-द्रव सोडायचा आणि तो सगळ्या नळ्यांतून फिरवायचा. प्रथम नुसते पाणी, मग १ ते २ टक्के दाहक सोड्याचा ७० ते ८० अंशांचा द्रव, त्याने मेद आणि प्रथिने सुटतात, पुन्हा पाणी, मग सौम्य नायट्रिक आम्ल, कारण दुधातले कॅल्शियम फॉस्फेट दगडासारखे बसते, ते सोड्याला दाद देत नाही, पुन्हा पाणी, आणि शेवटी जंतुनाशक. नळीतला वेग सेकंदाला किमान १.५ मीटर ठेवतात.

हा १.५ चा आकडा कोठून आला? १८८३ साली मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्सने काचेच्या नळीतून वाहणाऱ्या पाण्यात रंगाची धार सोडून पाहिली. हळू प्रवाहात धार दोऱ्यासारखी सरळ गेली. वेग वाढवताच ती विस्कटून सारे पाणी रंगले. व्यास गुणिले वेग, भागिले द्रवाची गतिक विष्यंदिता, हा रेनॉल्ड्स अंक सुमारे २,००० च्या आत असेल तर प्रवाह शिस्तीत वाहतो, फार वर गेला तर खळबळतो. ५ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत ७० अंशांचे पाणी १.५ मीटर वेगाने सोडले तर हा अंक १,८०,००० च्या वर जातो. प्रचंड खळबळ!

आणि तरीही पंख्याच्या पात्यावरची धूळ आठवा. एवढ्या खळबळीतही नळीच्या भिंतीलगत एक शांत पदर उरतोच. वरच्या आकड्यांवरून हिशेब केला तर त्याची जाडी सुमारे ३० मायक्रोमीटर निघते. १ मायक्रोमीटरचा जीवाणू तीस मजली इमारतीच्या तळमजल्यावर बसल्यासारखा आहे. प्रवाह भिंतीला जो घासतो, तो दर चौरस मीटरला ५ न्यूटनच्या आसपास. आपण बोटाने दाबून घासतो तेव्हा हेच प्रमाण काही हजार पट मोठे असते. म्हणूनच नुसत्या जोरात पाणी मारण्यावर भिस्त ठेवून चालत नाही. नुसत्या चुळा भरून दात स्वच्छ होत नाहीत, ब्रश लागतो, तसेच हे.

जर्मनीतील हर्बर्ट सिनर या रसायनतज्ज्ञाने १९५९ साली धुण्याचे चार भागीदार सांगितले: रसायन, घासणे, तापमान आणि वेळ. एकाचा वाटा कमी केला तर दुसऱ्यांचा वाढवावा लागतो. नळीत घासणे कमी पडते, म्हणून सोडा, उष्णता आणि वेळ यांनी भरपाई करायची. इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठात एक वेगळीच युक्ती काढली गेली आहे. नळीतून बर्फाचा मऊ चुरा ढकलायचा; तो लगदा नळीच्या वळणावळणांतून वाकत जातो आणि भिंत घासत जातो. अडकला तर वितळून जातो. मला ही कल्पना फार आवडली.

मुख्य नळीला जेथे बंद तोंडाची फांदी असते, उदाहरणार्थ दाबमापक लावण्यासाठी, तेथे तर प्रवाह शिरतच नाही. म्हणून अशी फांदी नळीच्या व्यासाच्या दीड-दोन पटींहून लांब ठेवू नये असा संकेत आहे. आराखडा काढणाऱ्याने कागदावर ओढलेली चार सेंटिमीटरची जादा रेघ पुढे वर्षानुवर्षे डोकेदुखी होऊन बसते.

आता जंतुनाशकाकडे वळू. येथे मी स्वतः एकदा चुकलो, ते सांगतो. क्लोरीनयुक्त पाण्याने पोहणारे जीवाणू झटपट मरतात, पण जीवपटलातले तगून राहतात, हे वाचल्यावर मी लगेच म्हटले: उघड आहे, खळीतून क्लोरीनचे विसरण सावकाश होत असणार. मग आकडे घातले. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. थर १०० मायक्रोमीटर जाड, म्हणजे १ मीटरचा दहा हजारावा भाग. लहान रेणूचा पाण्यातला विसरण गुणांक सेकंदाला १ चौरस मीटरचा अब्जावा भाग. अंतराच्या वर्गाला गुणांकाच्या दुपटीने भागले की उत्तर येते ५ सेकंद! खळ पाण्यापेक्षा दाट म्हणून आणखी तीन-चार पट घ्या, २० सेकंद. जंतुनाशक तर दहा-दहा मिनिटे ठेवतात. माझे स्पष्टीकरण कोसळले.

खरी गोष्ट अशी की, क्लोरीन वाटेतच खर्ची पडतो. तो ज्या खळीतून जातो, तिच्याशीच त्याची रासायनिक क्रिया होते. लग्नाच्या पंगतीत शेवटच्या पानापर्यंत जिलबी पोहोचत नाही, ती वाढपी हळू चालतो म्हणून नव्हे, तर पहिल्या पन्नास पानांवरच परात रिकामी होते म्हणून. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात सुईहून बारीक विद्युतअग्रे जीवपटलात खुपसून क्लोरीन मोजला गेला. आत तो बहुधा बाहेरच्या एक-पंचमांश किंवा त्याहूनही कमी भरला. शिवाय आतल्या जीवाणूंना अन्न आणि ऑक्सिजन तुटपुंजा मिळतो, म्हणून ते मंद, अर्धवट झोपल्यासारखे असतात. आणि वाढत्या पेशीवरच घाला घालणारी औषधे त्यांना फारशी बाधत नाहीत. लेव्हेनहूकच्या शिरक्याचे कोडे तीनशे वर्षांनी सुटले ते असे.

यावरून धुण्याचा क्रम का पाळायचा हे कळेल. आधी घाण काढायची, मग जंतुनाशक. उलट केले, किंवा घाणीवरच भरपूर क्लोरीन ओतला, तर पैसा आणि क्लोरीन दोन्ही वाया जातात.

पाश्चरीकरणाच्या यंत्रातही एक नाजूक जागा आहे. उष्णता वाचवण्यासाठी तापलेले दूध आणि येणारे गार दूध पातळ पत्र्यांच्या दोन बाजूंनी वाहू देतात. तापलेले दूध निवत येताना एका ठिकाणी ते ३५ ते ५० अंशांच्या पट्ट्यातून जाते. ज्या काही उष्णताप्रिय जीवाणूंना पाश्चरीकरण मारत नाही, त्यांना हा पट्टा म्हणजे स्वर्गच. ते पत्र्यावर वस्ती करतात आणि नुकतेच शुद्ध झालेले दूध त्यांच्यावरून जाताना पुन्हा जीवाणू घेऊन निघते. म्हणून दुधाची आवक चालू असली तरी ठरावीक तासांनी यंत्र थांबवून धुवावेच लागते. व्यवस्थापकाला ते जड जाते.

दूध नासले तर पैसे जातात. पण काही वेळा याहून फार मोठी किंमत मोजावी लागते. लिस्टेरिया मोनोसायटोजिनीस नावाचा एक जीवाणू आहे; जंतुरहित शस्त्रक्रियेचा प्रणेता जोसेफ लिस्टर याच्या नावावरून त्याच्या प्रजातीला हे नाव दिले गेले. हा फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतो. धडधाकट माणसाला तो बहुधा फारसा त्रास देत नाही. गर्भवती स्त्रिया, तान्ही मुले आणि वृद्ध यांना मात्र जीवघेणा ठरतो. २००८ साली कॅनडात त्याची साथ आली. मूळ सापडले टोरोंटोमधील एका मांसप्रक्रिया कारखान्यात. शिजवलेल्या मांसाच्या चकत्या पाडणारी मोठी यंत्रे तेथे होती. ती नेमाने धुतली जात होती. पण पूर्ण खोलून पाहिल्यावर अगदी आत, पाते आणि फिरणाऱ्या भागांच्या मागे, मांसाचा साका साठलेला आढळला. चकत्या पाडताना यंत्राबरोबर जीवाणूही बाहेर येत होते. २० हून अधिक माणसे दगावली, त्यांतली बरीचशी वृद्ध. २०१७-१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत अशाच एका मांसपदार्थातून हजारावर माणसांना लागण झाली आणि २०० हून अधिक मृत्युमुखी पडली. लिस्टेरियाला खाणारे विषाणू असतात. त्यांचे मिश्रण तयार मांसावर फवारायला अमेरिकेत २००६ साली परवानगी मिळाली आहे. पण यंत्र खोलून घासण्याला तो पर्याय नाही.

आमच्या कॅनचे पुढे काय झाले? रबरी कडे नवे बसवले आणि ते रोज काढून वेगळे धुवायचे ठरले. वाळू बंद, नायलॉनचा लांब दांड्याचा ब्रश आणि सौम्य धावन-चूर्ण. (ॲल्युमिनियमला दाहक सोडा कधीही लावू नका, तो धातूच खातो.) गार पाणी, मग ब्रश, मग कडक पाणी, तेही २ ऐवजी ५ लिटर आणि झाकण लावून काही मिनिटे. शेवटी कॅन उन्हात फळीवर पालथा, पण तोंड जमिनीला न टेकता. कारण पाण्यावाचून जीवपटल वाढत नाही. आमच्या आज्या दुधाची भांडी उन्हात पालथी घालीत, त्यांना हे कोणी शिकवले होते कोण जाणे!

पहिल्या महिन्यात कॅन दोनदा परत आला. एकदा टेम्पो वाटेत बंद पडला होता, दुसऱ्यांदाचे कारण कळले नाही. पुढच्या महिन्यात एकदाही नाही. ओरखडे मात्र गेले नाहीत. दिवाळीनंतर त्यांनी अगंज पोलादाचा कॅन घेतला. केंद्रावरचा तो माणूस काहीच बोलला नाही, मुकाट्याने पावती फाडत राहिला. मुलाची आई मात्र मला एवढेच म्हणाली, "म्हणजे मी धूत होते ते बरोबरच होतं की नाही?" मी म्हटले, "हात बरोबर होते, वाळू चुकीची होती."

तुम्ही करून पाहा

जीवपटल प्रत्यक्ष पाहायचे असेल तर फार साहित्य लागत नाही. रुंद तोंडाची काचेची बरणी, विहिरीचे किंवा तळ्याचे पाणी, पाच काचपट्ट्या, चिमूटभर साखर, दुधाचे चार थेंब, धुण्याचा सोडा, जुना दातांचा ब्रश आणि औषधांच्या दुकानात मिळणारे जेन्शियन व्हायोलेट. घरात जखमेला जांभळे औषध लावतात, तेच.

पाण्यात साखर आणि दूध मिसळा. चार काचपट्ट्या दोऱ्याने उभ्या टांगा. पाचवी कोरडीच ठेवा. बरणी सावलीत पाच ते सात दिवस राहू द्या, वर सैल झाकण ठेवा. नंतर चारही पट्ट्या हलकेच स्वच्छ पाण्यात बुचकळून काढा. पहिलीला काही करू नका. दुसरी, मोठ्यांच्या मदतीने, जवळजवळ उकळत्या पाण्यात दोन मिनिटे बुडवा. तिसरी एक मिनिट जोरात सोडलेल्या नळाखाली धरा. चौथी सोड्याच्या पाण्यात ब्रशने घासा. मग पाचही पट्ट्यांवर दहापट पाण्यात पातळ केलेले जेन्शियन व्हायोलेट दहा मिनिटे राहू द्या, धुवा, वाळवा आणि पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा.

पहिली आणि दुसरी यांच्या जांभळ्या रंगात कितपत फरक दिसतो? हा रंग मेलेल्या जीवाणूंनाही लागतो आणि त्यांच्या खळीलाही, हे लक्षात ठेवून उत्तर लिहा. मारणे आणि काढणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, तो फरक येथे डोळ्यांना दिसतो. तिसरीवरचा रंग नळाच्या धारेने किती उतरला, तेही पाहा.

ज्यांना पुढे जायचे आहे, त्यांनी पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटलीतून पट्ट्या कापाव्यात, अर्धी बाजू पॉलिश कागदाने खरवडावी आणि तोच प्रयोग करून ब्रशने घासल्यावर दोन्ही अर्धे ताडून पाहावेत. मात्र नुसत्या ओरखड्यांतही रंग अडकतो. तेव्हा पाण्यात न ठेवलेली एक खरवडलेली पट्टीही सोबत रंगवा, नाहीतर निष्कर्ष फसेल.

बरणीतले पाणी तोंडात जाऊ देऊ नका. प्रयोग संपल्यावर त्यात चमचाभर विरंजक चूर्ण घालून ते तासभर ठेवा, मग मोरीत ओता आणि हात साबणाने धुवा. जांभळा रंग कपड्यांवरून निघत नाही. जुना सदरा घालूनच कामाला बसा.